पवनी समजून घेताना

महाराष्ट्रातली प्राचीन नगरे आठवायला बसले की पैठण, नाशिक, तेर, जुन्नर ही नावे आधी येतात. विदर्भापर्यंत पोहोचलोच तर कौंडिण्यपूर आणि रामटेकजवळचे मनसर आठवते. पवनीचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे ऐकू येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या या तालुक्याची उरलेल्या महाराष्ट्राला ओळख झाली ती गोसीखुर्दमुळे. वैनगंगेवरचे ते अकरा किलोमीटरहून लांब धरण, त्याचे ३३ दरवाजे, वाढत गेलेला खर्च, उठवलेली गावे आणि पावसाळ्यात सोडलेल्या पाण्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. त्या धरणापासून नदीच्या उताराला थोड्याच अंतरावर दोन हजार वर्षांहून जुने, तटबंदीचे, स्तूपांचे आणि घाटांचे एक नगर आजही गजबजलेले आहे. पुढची पाने त्या नगराविषयी आहेत.

पवनीवर आजवर लिहिले गेले नाही असे नाही. उत्खननाचे अहवाल आहेत, शिलालेखांवरचे निबंध आहेत, जिल्हा गॅझेटियरमधल्या नोंदी आहेत, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका आहेत. अडचण अशी की यातले प्रत्येक लेखन पवनीचा एकेक तुकडा घेऊन बसते. बौद्ध परंपरेचा अभ्यासक स्तूपांपाशी थांबतो, वाकाटकांचा अभ्यासक ताम्रपटापाशी, भाविक मंदिरापाशी आणि पाटबंधारे खात्याचा अभियंता पूररेषेपाशी. तुकडे खरे असले तरी त्यांतून नगर दिसत नाही. पवनीचा वारसा समजायचा तर हे सारे एकाच गावाचे आयुष्य म्हणून सलग वाचायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ही प्रस्तावना त्या सलग वाचनाची सुरुवात आहे.

सुरुवात नदीपासून करावी लागते. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटला वळसा घालून महाराष्ट्रात उतरते, भंडाऱ्यावरून पवनीला येते, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेने वाहत वर्धेला मिळते आणि प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. उत्तरेकडच्या पठारापासून दक्षिणेच्या गोदावरी खोऱ्यापर्यंत ही एक नैसर्गिक वाट आहे. नदीच्या दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या, मागे रानाचा पट्टा, त्या रानात लाकूड, लाख, मोह, कोसा. दक्षिणेला वैरागडच्या हिऱ्यांच्या जुन्या खाणी. नगर उभे राहण्यासाठी जे लागते ते सगळे इथे होते: पोटापुरते धान्य, बाजारात नेण्याजोगा माल आणि तो नेण्याची वाट. याच खोऱ्यात कुही तालुक्यातल्या अडम येथे तटबंदीच्या आणखी एका प्राचीन नगराचे उत्खनन झाले आणि तिथे अस्सक जनपदाचा उल्लेख असलेली मुद्रा मिळाली. पवनी एकाकी नव्हती. नगरांच्या एका साखळीतली ती एक होती.

आज पवनीत शिरणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो तो तट. एका अंगाला वैनगंगा आणि उरलेल्या अंगांना मातीचा उंच बांध, त्याच्या बाहेर खंदक, अशी या गावाची मूळ रचना आहे. मातीच्या तटाचे काम दगडी तटापेक्षा सोपे वाटते, पण तसे नाही. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला थराथराने टाकायची, पाणी मारून ती दाबायची, उतार असा ठेवायचा की पावसाने ती वाहून जाऊ नये, आणि हे सारे नदीला पूर येण्याआधीच्या कोरड्या महिन्यांत उरकायचे. यासाठी शेकडो हात एका हुकमाखाली कामाला लावण्याची ताकद लागते. शिवाय असा तट शत्रूइतकाच पुरालाही अडवतो. नदीकाठच्या गावाला या दुसऱ्या उपयोगाची गरज दरवर्षी पडे. पुढच्या काळात मातीच्या या बांधावर दगडी बांधकाम चढले, बुरूज आले, दरवाजा आला. मूळ माती मात्र तीच राहिली. तटावर आज ठिकठिकाणी घरे आहेत आणि खंदकाचा काही भाग बुजलेला आहे. तरीही गावाचा आराखडा हातात घेतला की जुन्या नगराची रेघ स्पष्ट उमटते. रस्ते अजून त्या तटाला मानूनच वळतात.

तटाइतकेच महत्त्वाचे आहेत ते पवनीचे स्तूप. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये इथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम सांभाळले आणि १९७२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची हरदोलाला टेकडी ही ती दोन ठिकाणे. गावकऱ्यांच्या दृष्टीने त्या देवाच्या टेकड्या होत्या. खणल्यावर त्यांच्या पोटात विटांचे प्रचंड स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचा घेर सांचीच्या मोठ्या स्तूपाशी तुलना करावी असा आहे. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाने पवनीत पुन्हा उत्खनन केले. या दोन्ही कामांतून मौर्यपूर्व काळापासून वाकाटकांपर्यंत वस्तीचा पट उलगडत गेला.

स्तूपाभोवती दगडी कठडा असतो, त्याला वेदिका म्हणतात. उभे स्तंभ, त्यांना छिद्रे पाडून बसवलेल्या आडव्या सूची आणि वरून दाबून धरणारे उष्णीष, अशी सुतारकामातून दगडात आलेली ती जोडणी. पवनीच्या वेदिकेचे जे तुकडे मिळाले, त्यांतल्या एका स्तंभावर क्षणभर थांबू. झाडाखाली एक आसन आहे आणि आसनावर कोणीही नाही. त्यावर पाच फण्यांच्या नागाने छत्र धरले आहे. शेजारी ब्राह्मी अक्षरांत नागाचे नाव कोरले आहे. हा मुचलिंद. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना अवकाळी झड लागली आणि सात दिवस नागराजाने आपल्या वेटोळ्यांनी आणि फण्यांनी त्यांचे रक्षण केले, अशी ती कथा. त्या काळी बुद्धाला मानवी रूपात दाखवत नसत. रिकामे आसन हीच त्याची उपस्थिती. ज्या खोऱ्यात पावसाळा म्हणजे पूर आणि झडीचे आठवडे, तिथल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागली नसेल. शिल्पीने कथेतला नेमका तो क्षण निवडला जो इथल्या माणसाच्या अनुभवातला होता.

त्याच वेदिकेवरचे लेख छोटे आहेत, बहुतेक एकेका ओळीचे, प्राकृत भाषेतले. अमक्याचे दान, तमकीचे दान. दात्यांत स्त्रियाही आहेत. हे दान सर्व प्राण्यांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा एका उपासिकेच्या लेखात व्यक्त झाली आहे. स्तूपाची ही बांधणी राजाच्या तिजोरीतून एका झटक्यात झालेली दिसत नाही. स्तंभ एकाचा, सूची दुसऱ्याची, अशी ती घरोघरच्या पैशातून उभी राहिली. ज्या गावातल्या माणसांकडे दगडी स्तंभ घडवून घेण्याइतकी शिल्लक होती आणि तो सार्वजनिक कामाला देण्याची बुद्धी होती, त्या गावाची सुबत्ता वेगळी सांगावी लागत नाही.

राजेही पवनीत आपली खूण ठेवून गेले. भार कुळातला राजा भगदत्त याचा शिलालेख इथे मिळाला. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ मिळाला, जो आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा विदर्भाच्या इतिहासातली कोरी पाने भरू लागली. क्षत्रपांची सत्ता म्हटली की गुजरात, माळवा आणि नाशिकचा परिसर डोळ्यांसमोर येतो. त्यांच्यापैकी एकाचा स्मृतिस्तंभ वैनगंगेच्या काठी सापडावा, याचा अर्थ या नगराचा ताबा मोलाचा होता आणि त्यासाठी दूरवरून माणसे येत होती. पुढच्या, पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पवनीत सापडावा हेही त्याच धाग्यात बसते. राजवटी बदलल्या, धर्माश्रय बदलला, तरी पवनीचे महत्त्व ओसरले नाही.

मध्ययुगातली पवनी बहुतेक वाचकांना ओळखीची वाटेल. गोंड राजांचा काळ, मग नागपूरकर भोसल्यांचा काळ, नदीवर बांधलेले दगडी घाट आणि घाटाघाटावर मंदिरे. वैजेश्वराचा घाट, नीलकंठेश्वर, मुरलीधर, दत्त, विदर्भातल्या अष्टविनायकांत गणला जाणारा सर्वतोभद्र गणेश. मंदिरांच्या या दाटीमुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. महाशिवरात्रीला, कार्तिकात, ग्रहणाला घाटावर लोटणारी गर्दी पाहिली की या नावातली श्रद्धा समजते. घाट जसे देवाचे तसेच धिवरांचेही. मासळीवर पोट असलेल्या या समाजाचे डोंगे आणि जाळी याच पाण्यावर फिरली आणि नदीचे स्वरूप सगळ्यात बारकाईने त्यांनाच कळते.

त्या काळच्या पवनीची कमाई होती ती मागावर. रेशमी काठाचे बारीक सुती धोतर आणि लुगडे विणणारे कोष्टी इथे मोठ्या संख्येने होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने पवनीच्या रेशीमकाठी कापडाची खास नोंद केली आहे. पांजणी करताना गल्लीभर ताणलेले ताण्याचे धागे, त्यांना लावलेली खळ, कुंच्याचा हात, मग मागावर धोट्याची ये-जा, आणि काठाचे रेशीम वेगळ्या ताणाने धरण्याचे कसब. गिरणीच्या कापडाने आणि सुताच्या भावाने हा धंदा खचवला. विणकरांची घरे राहिली, माग कमी झाले. स्तूपाच्या विटेइतकीच ही विद्याही पवनीचा वारसा आहे. तिची नोंद मात्र आपण फार कमी ठेवली. वीट हजार वर्षे जमिनीत टिकते, हातातले कसब एका पिढीत जाते.

इथे जगाकडे एक नजर टाकणे उपयोगी ठरेल. स्पेनमधल्या तोलेदो नगराचा नकाशा पाहिला तर तो पवनीच्या उलट दिसतो: तिथे तागुस नदी तीन अंगांनी वेढा घालते आणि चौथ्या अंगाला तट आहे. रोमन, व्हिसिगॉथ, अरब आणि ख्रिस्ती राजवटी त्या टेकडीवर एकामागून एक आल्या. १०८५ मध्ये सहाव्या अल्फोन्सोने ते नगर घेतले, तरी ९९९ मध्ये बांधलेली छोटी मशीद पाडली गेली नाही. ती चर्च झाली. सांता मारिया ला ब्लांका हे ज्यूंचे प्रार्थनास्थळही पुढे चर्च झाले आणि मुस्लिम शैलीच्या कारागिरांनी घडवलेल्या त्याच्या नालाकृती कमानी तशाच राहिल्या. १५६१ मध्ये दरबार माद्रिदला हलला आणि तोलेदोची सत्ता गेली. मात्र सत्ता गेल्यामुळे पाडापाडीचा आणि नव्या बांधकामाचा रेटाही कमी राहिला, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने अख्खे जुने नगर जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एखादे स्मारक वेगळे काढून नव्हे, गल्ल्या-घरांसकट.

पवनीतही पवित्र जागा हातोहात पुढे गेली. स्तूपाची टेकडी जगन्नाथाची टेकडी झाली. म्हणजे त्या जागेवर माणसांनी हात जोडणे थांबवलेच नाही. या हस्तांतरामागे कुठे आश्रय आटणे असेल, कुठे विसर पडणे, कुठे सक्तीही असेल; ते पुराव्याने तपासायचे काम इतिहासकाराचे. पण एका थराचे प्रेम म्हणून दुसऱ्या थराचा द्वेष करणे म्हणजे अर्धे नगर पुसणे होय. आंबेडकरी चळवळीने या भूमीचा बौद्ध वारसा पुन्हा लोकांच्या मनात जागवला. पवनी तालुक्यातल्या रुयाड येथे या शतकात जपानी बौद्धांच्या सहकार्याने महासमाधीभूमी महास्तूप उभा राहिला आणि दरवर्षी तिथे हजारो माणसे जमतात. स्तूप बांधण्याची दोन हजार वर्षांपूर्वीची परंपरा याच तालुक्यात पुन्हा सुरू व्हावी, ही घटना पवनीच्या इतिहासात मानाने नोंदवायची आहे. वैजेश्वराच्या घाटावरची आरतीही त्याच इतिहासात तितक्याच मानाने येते.

आता धरणाकडे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दच्या इंदिरासागर प्रकल्पाची पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणायचे उद्दिष्ट होते. ३७२ कोटींच्या मूळ अंदाजाची पुढे हजारो कोटींत वाढ झाली आणि २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला. ज्या शेतकऱ्याचे धान शेवटच्या एका पाण्यावाचून वाळते, त्याच्या दृष्टीने या पाण्याची किंमत काय आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. हा मुळात तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, पुढे ज्यांना माजी मालगुजारी तलाव म्हटले गेले, त्यांनी शतकानुशतके इथले धान पिकवले. पाणी अडवणे या मातीला परके नाही.

पण एवढ्या मोठ्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांबरोबर काय काय गेले, याची नोंद पुरेशी झाली नाही. गावठाण उठते तेव्हा घरांची आणि झाडांची किंमत ठरते. पारावरचा शेंदूर लावलेला झिजका दगड, शेतातला वीरगळ, टेकाडावर नांगराला लागणारी जुनी वीट, दंडारीचा मांड, धिवरांच्या घाटाची वहिवाट यांना रकाना नसतो. जलाशयाचे पाणी मागे पार आंभोऱ्यापर्यंत चढते. कन्हान आणि वैनगंगेच्या संगमावरच्या या आंभोऱ्याशी ११८८ मध्ये ‘विवेकसिंधू’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांचे नाव जोडले जाते. म्हणजे मराठीच्या आरंभीच्या ग्रंथाशी नाते सांगणारे क्षेत्र आणि ब्राह्मी लेखांची पवनी, ही एकाच धरणाच्या वरची आणि खालची टोके आहेत. त्यातच नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून या जलाशयात येते. घाटावर अंघोळ करणाऱ्याला आणि जाळे टाकणाऱ्याला ते रोज सोसावे लागते. नदी मैली झाली की घाटाचा अर्थच हरवतो, मग घाटाचा दगड कितीही नीट बसवला तरी.

धरणाखालच्या पवनीला आणखी एक बदल सोसावा लागतो. पूर्वी पूर नदीच्या चालीने चढायचा. आता त्यात दरवाज्यांचे वेळापत्रकही मिसळले आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरून, थेट मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरापासून पाणी आले, तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेकाठची गावे बुडाली. मातीचा तट, घाटांच्या पायऱ्या, टेकड्यांचे उतार यांना अशा पुरांचा मार किती बसतो, हे दरवर्षी मोजायला हवे. पुरातत्त्व आणि पाटबंधारे ही दोन खाती एका टेबलावर बसल्याशिवाय ते होणार नाही.

म्हणून हे वाचून वाचकाने पवनीला यावे, हे तर मी म्हणेनच. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला येणाऱ्यांनी एक सकाळ गावासाठी राखली तरी तट, टेकड्या आणि घाट पायी पाहून होतात. पण पाहुण्यांपेक्षा माझी मागणी पवनीकरांकडे आहे, कारण हे नगर त्यांनीच आजवर राखले. तटाची आणि खंदकाची हद्द गावाच्या विकास आराखड्यात ठळक रेघेने यावी. घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या कठड्यांत, देवळांच्या पायऱ्यांत बसलेल्या प्रत्येक कोरीव दगडाचा फोटो आणि जागा एका नोंदवहीत यावी. दगड हलवण्याची गरज नाही, नोंद पुरे. उत्खननातल्या वस्तू जिथे सापडल्या त्या गावातल्या मुलांना पाहायला मिळाव्यात, यासाठी पवनीत स्वतःचे संग्रहालय असावे. म्हाताऱ्या विणकरांकडून काठाची नक्षी आणि धिवरांकडून नदीच्या डोहांची नावे आजच लिहून घ्यावीत. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला मोहेंजोदडो शिकवताना जगन्नाथ टेकडीवर एक फेरी व्हावी.

यातल्या बहुतेक गोष्टींना सरकारी निधीची वाट पाहावी लागत नाही. चार शिक्षक, दहा कॉलेजची मुले, एक मोबाइल आणि एक वही यांवर नोंदीचे काम या उन्हाळ्यातच सुरू होऊ शकते. स्तूपाची वेदिका एका धनवंताने उभी केली नव्हती. ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले आणि आपले नाव कोरले. पवनीचा इतिहास पुन्हा उभा करण्याचे काम याच रीतीने होईल, आणि त्यात तुमच्या वाट्याचा एक स्तंभ आहे.